जीपवरची रेलगन आणि मामा

“आंधी काठी, मंग हात!” आमच्या यवतमाळच्या इंजिनीअरिंग कॉलेजातले प्रयोगशाळेचे मामा दिवसातून वीसदा हे म्हणत. वेळूच्या काठीच्या टोकाला तांब्याचा तुकडा, त्याची तार थेट अर्थिंगला. वीज साठवणाऱ्या कुठल्याही कॅपॅसिटरला शिवण्याआधी ते काठी टेकवत, उरलीसुरली वीज उतरवत आणि काठी तिथेच अडकवून ठेवत. प्राचार्य समोर आले तरी “सरका जी” म्हणून बाजूला करत.

असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. शिकलेल्यांना त्याचा राग येतो, कारण तो बरोबर असतो.

तेव्हा पोरांना घेऊन मी एका जुन्या जीपवर छोटी रेलगन बसवत होतो. दोन पट्ट्यांतून क्षणभर प्रचंड वीज सोडली की मधला धातूचा तुकडा सुसाट सुटतो. सगळी गोम त्या विजेच्या पुरवठ्यात. बॅटरी एवढी वीज एकदम देत नाही, म्हणून ती कॅपॅसिटरमध्ये हळूहळू साठवायची. हे मी फळ्यावर तासभर समजावलं. मामा दारातून म्हणाले, “म्हंजे थेंबाथेंबानं माठ भराचा अन् एकदम पालथा कराचा. होय नं, सर?” वर्ग हसला. माझा तास मात्र वाया गेला.

शिक्षण सातवीपर्यंत, पण धक्क्यांनी जोडण्या ढिल्या होतात हे त्यांनीच पकडलं. राळेगावच्या रस्त्याने जीप फिरवून आणली आणि एकेक नट पुन्हा आवळला. “तुमचं गणित टेबलावर बसून राह्यलं, सर. जीप खड्ड्यातून जाऊन राह्यली.”

मग पाहुण्यांना यंत्र दाखवायचा दिवस आला. फोटोत ती लटकती काठी मला गावंढळ वाटली. मी काढून कपाटामागे टाकली. मीटर शून्यावर होता. रिकामा केलेला मोठा कॅपॅसिटर तसाच सोडला तर त्यात वीज पुन्हा थोडी वर येते. हे मी शिकवतो हो, परीक्षेत प्रश्नही काढतो!

अर्ध्या तासाने एक पट्टी आवळायला मामा जीपवर चढले आणि थांबले.

“काठी कुठं गेली, सर?”

“रिकामं आहे मामा, लावा हात. पाहुणे खोळंबलेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात लावला. झटक्यासरशी ते जीपवरून खाली फरशीवर आले. उजवं मनगट मोडलं, ते पुन्हा नीट जुळलंच नाही.

चौकशीत मी लिहून दिलं, ‘कर्मचाऱ्याने नेहमीची काळजी घेतली नाही.’ माझं कायम होण्याचं वर्ष होतं. मी कायम झालो. मामा कंत्राटी, त्यांना घरी बसवलं. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्यांच्या तांड्यावर जायला मला दोन वर्षं लागली. तोवर मामा काविळीने गेले होते. सगळं कबूल करायचं ठरवूनच मी गेलो होतो. मुलाने खाट टाकली आणि मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला.

“बा सांगे, माहीच चूक होती. सर थांब म्हनत होते, म्या आयकलं नाही. सरच्या मनाले लागलं असंल म्हने. कधी आले तं चहा पाजल्याबिगर जाऊ देजो नको.”

आत चहा ठेवलेलाच होता. मी खरं सांगायला गेलो होतो, चहा पिऊन परत आलो.