कूलरच्या पायांचे चार काळे डाग

मंडळी, आज एका घरमालकाच्या खोलीत मी ठाण मांडून बसले आहे. शब्दशः!

मी लाकडाचं पॉलिश करते. नालवाडीतल्या एका काकांच्या वरच्या खोलीत सागवानी फळ्यांची जमीन आहे. काल मशीननं घासून ती लख्ख केली, पण चार काळे डाग हटेनात. कूलरच्या लोखंडी स्टँडचे! दर उन्हाळ्यात पाणी गळून गळून गंज लाकडात मुरलेला.

काका म्हणाले, "डार्क पॉलिश मार ना पोरी, कोणाले दिसते?"

"झाकाचंच होतं तं घासलं काऊन, काका?"

हातमोजे चढवले, गंजाचे डाग काढणाऱ्या ऑक्झॅलिक ॲसिडची पूड गरम पाण्यात विरघळवली आणि डागांवर लावली. वाळल्यावर धुतलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या खेपेला डाग गेले.

आज जमीन कोरडी झाली म्हणून पॉलिशचा डबा उघडला, तर काका कूलर ओढत दारात! त्याच जागी ठेवायला!

मी त्या जागेवर मांडी घालून बसले. "याले आधी खिडकीबाहेर लावा. तोवर मी उठत नाई."

काका चिडून खाली गेले. मी इथंच बसून हे लिहितेय आणि खिडकीबाहेर आत्ताच ड्रिल सुरू झालंय.

तुमचा कूलर कुठं उभा आहे? खरं सांगा!