टोपीआडचा तिबुर्सियो

युद्धाच्या काळात आमच्या चालातेनांगोच्या डोंगरात कॅमेरा दिसला की माणसं तोंड झाकत. फोटो सरकारी सैन्याच्या हाती लागला तर त्यातला माणूस गेलाच. या नियमाची सर्वांत कडक राखणदार म्हणजे एर्कुलाना. तव्यावर पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, टाकता टाकता ती ओरडायची, "ए, टोपी तोंडावर घ्या! युद्ध संपलं की मिरवा."

गाव सोडून पळताना घरातले सगळे फोटो तिनेच चुलीत घातले. लग्नाचासुद्धा. त्याच पावसाळ्यात तिचा नवरा तिबुर्सियो मारला गेला. मुलगी मिर्ता तेव्हा पोटात होती.

मी गावच्या शाळेत मास्तर; मिर्ता पुढे माझ्या वर्गात शिकायला आली. पोरं कानांवरून चिडवत, म्हणून केस कायम कानांवर ओढलेले. बापाचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. त्याबद्दल आईला तिने कधी बोल लावला नाही, पण दुसऱ्यांच्या घरी गेली की भिंतीवरचे फोटो फार वेळ बघायची.

गेल्या वर्षी एका परदेशी फोटोग्राफरच्या मुलीने वडिलांचे युद्धातले फोटो गावाला दिले. चर्चच्या दालनात ते दोरीवर चिमट्यांनी टांगले होते. नदीकाठी बसलेल्या माणसांच्या फोटोपाशी एर्कुलाना थांबली.

"मिर्ता, ये. हा तुझा बाप."

मिर्ता धावत आली. आईच्या बोटाखालच्या माणसाच्या तोंडावर टोपी होती.

"आई, तोंड कुठंय?"

"झाकलंय. मीच सांगितलं होतं ना! जन्मात माझं एक ऐकलं नाही मेल्याने, नेमकं तेवढं ऐकलं."

शेजारचा गास्पार म्हणाला, "एर्कुलानाबाई, टोपीआड कुणीही असेल. माझा भाऊसुद्धा."

"तुझ्या भावाच्या शर्टाला अशी ठिगळं लावायला मी जात होते होय रे?"

मिर्ता फोटोला नाक लावून उभी होती. टोपी चेहऱ्यापुरतीच होती. दोन्ही बाजूंनी सुपाएवढे कान बाहेर आले होते.

"मास्तर, हे बघा," ती मला म्हणाली, आणि तिने आपले केस कानांमागे सारले.

गास्पारने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "घेऊन जा बाई," तो म्हणाला. "तुमचाच आहे."

फोटो आता त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. पीठ मळताना एर्कुलाना अधूनमधून मान वर करून म्हणते, "अरे, संपलं युद्ध. काढ की आता."