क्रोमियम पिणारी बुरशी आणि लिंबाचं लोणचं

नागपूर स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात बुरशी. पुण्यापासून ती चिनी मातीची बरणी मी मांडीवरून हलवली नव्हती. गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलंही, "लोणचं का?" मी "हो" म्हणालो. विषारी धातू शोषणारी बुरशी आहे असं सांगितलं असतं, तर त्यांनी डबा बदलला असता.

ऐंशीनंतरचे दिवस होते. पाण्यातला क्रोमियम ही काळी बुरशी अंगाला चिकटवून घेते, हे आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात दिसलं होतं. आता ते खऱ्या घाणीत पाहायचं होतं. ती घाण वसंतरावांची होती.

सायकलरिक्षाने लकडगंजातल्या लाकडाच्या वखारी ओलांडून त्यांच्याकडे पोचलो. सायकलच्या हँडलांवर क्रोमचा मुलामा चढवायचा त्यांचा छोटा कारखाना, मागे सांडपाण्याचा खड्डा. खड्ड्यातलं पाणी झिरपून शेजारच्या दौलतरावांची विहीर पिवळी पडली होती. दौलतराव भांडले नाहीत, त्यांनी बोलणंच टाकलं.

"मी वाटीभर काही धाडलं, का वाटी रिकामी वापस येते जी," वसंतरावांच्या पत्नी कमलवहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कोर्टात गेला असता तं चाललं असतं," वसंतराव म्हणाले. "पण रिकामी वाटी?"

दुपारी वहिनींनी पाटवडी (झणझणीत रश्शातल्या बेसनाच्या वड्या) वाढली. जेवताना मी रडलो आणि नंतर मेल्यासारखा झोपलो.

उठून बरणी घेऊन खड्ड्यापाशी गेलो. वसंतराव, वहिनी, कामगार सगळे जमले. कुंपणाच्या भिंतीपलीकडे दौलतराव आपलं पपईचं झाड निरखत असल्याचं दाखवत उभे होते. मी विज्ञानावर चार शब्द बोललो, झाकण उघडलं, आणि आत लिंबाचं लोणचं होतं.

"वहिनी, हे काय?"

"तुमच्या बाईचं लोणचं सडून गेलतं जी. तिले काहून शरमवायचं, म्हणून म्या गुपचूप फेकलं. बरणी उकळत्या पाण्यानं धुतली. आन् रिकामी बरणी वापस देऊ कशी तुम्हाले?"

मला संताप आला, पण करायचा कुणावर? त्या माऊलीने माझ्या बायकोची अब्रू राखली होती.

बुरशी मागच्या उकिरड्यावर गेली होती. शेजारचा रसवाला संत्र्यांच्या साली तिथेच टाकी, त्यामुळे आख्ख्या ढिगावर हिरवी, पांढरी, काळी, हवी तशी बुरशी होती. मी गुडघ्यांवर बसलो.

"तुमची कोणती?" वसंतरावांनी विचारलं.

"ओळखू येत नाही," मी म्हणालो.

"स्वतःचं लेकरू वळखत नाही तुम्ही?"

थोड्या वेळाने आम्ही सगळेच रांगत काळ्या साली वेचू लागलो. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "इकडं पाहा, इकडं लय काळी हाय." धोतर खोचून दौलतराव भिंत उतरले आणि आमच्यात रांगू लागले. मग कंटाळून त्यांनी घमेलं वसंतरावांच्या हातात कोंबलं. "वेचत काय बसला गा, आख्खा ढीगच टाक खड्ड्यात."

वसंतरावांनी घमेलं ढिगात खुपसलं. "टाकतो गा," ते म्हणाले.

काही दिवसांत खड्ड्याचा पिवळेपणा खरोखरच उतरला. बुरशीने, सालींनी की घाईत सांडलेल्या लोणच्याने, देव जाणे. विहिरीचं पाणी अजून पिऊ नका, असं मी दोघांना बजावलं. खड्ड्याला सिमेंट लावायचं वसंतरावांनी कबूल केलं.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात आली होती. वहिनींनी सकाळी भिंतीपलीकडे लोणचं धाडलं होतं. ती वाटी परत आली, आणि तिच्यात गरम सांबारवडी (सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर) होती. वहिनींनी ती खाल्ली नाही. आधी वसंतरावांना कारखान्यातून बोलावून दाखवली.

पुण्यात प्रयोगशाळेतल्या साहेबांनी प्रयोगाचा निकाल विचारला. "बुरशीचं नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो, "पण वाटी भरून आली."

मग मी लोणच्याची बरणी त्यांच्यापुढे ठेवली. बरणी प्रयोगशाळेची होती, रिकामी परत कशी करणार?