आत्याबाईंचा पाचवा उद्गार

वणीत कोळशाचे ट्रक कधीमधी थांबतात. माझ्या बायकोची आत्या थांबलेली मी पाहिलेली नाही. पस्तीस वर्षं नर्स म्हणून उभ्यानं काढल्यामुळे बसणं हा प्रकार फक्त आजारी माणसांसाठी असतो, असा त्यांचा समज झाला आहे. चहासुद्धा त्या अंगणात फेऱ्या मारत पितात. चर्चमध्ये उपासना चालू असताना मध्येच उठून खिडकी लावतील, पंखा कमी करतील, पुढच्या बाकावरच्या बाईचा पदर नीट करतील. एकदा उपदेशाच्या वेळी मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा माझं मनगट आत्याबाईंच्या हातात होतं आणि त्या घड्याळाकडे बघून नाडी मोजत होत्या. "जिता हाये," त्यांनी मागच्या बाकाला कळवलं.

स्वतः इतकं हलणाऱ्या या बाईला उपासनेतली काडीही इकडची तिकडे झालेली खपत नाही. गीत उभं राहून म्हणायचं, बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा, वाद्यं दोनच, पेटी आणि झांजा. कोणी टाळी वाजवली की त्या मागे वळून अशा बघतात की दुसरी टाळी हवेतच राहते. एका नाताळात तरुण मंडळींनी ड्रम आणून ठेवला. सकाळी बघतो तर त्यावर पांढरी चादर. "पेशंट झोपला हाये," आत्याबाई म्हणाल्या, "कोनी हात लावू नका."

एवढी रीत पाठ असूनही चर्चच्या पंचांनी त्यांना उपदेशाला कधी उभं केलं नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तिसरा उद्गार आईला उद्देशून आहे, म्हणून तो बायकांचा, आणि बायकांमध्ये तो आत्याबाईंचा. वीसेक वर्षं त्या तेवढंच बोलत आल्या आणि दरवर्षी घरी येऊन मला फैलावर घेत राहिल्या. "काहून? मले बाकीचे सहा समजत नाईत काय?" जणू वाटणी मी केली होती.

आणि मग आमच्या चर्चला पाळक, म्हणजे पाद्री, म्हणून चक्क एक तिशीतली बाई मिळाली. आमच्याकडे पाळकबाई म्हणजे पाळकाची बायको. आता पाळकच बाई, तर त्यांच्या नवऱ्याला काय म्हणायचं, यावर पंचांची एक सभा झाली आणि निकाल न लागता संपली. मला वाटलं, आत्याबाई पेढे वाटतील. त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "बाईच्या हातचं प्रभुभोजन मी घेनार नाई. आपली रीत नाई थे." खरोखरच दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळची एसटी धरून त्या प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायला चंद्रपूरला जाऊ लागल्या. उरलेल्या रविवारी त्या मागच्या भिंतीशी उभं राहून या नव्या पाळकबाईंच्या चुका वहीत टिपत. गिटार आणली. आशीर्वाद देताना हसली. उपदेश लवकर संपवला.

"आत्याबाई, राग रीतीचा आहे की तिचा?" मी एकदा न राहवून विचारलं.

त्यांनी तुळशीच्या रोपांपासून फाटकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. "तिच्या वयात मले कोनी इचारलं असतं," त्या म्हणाल्या, "त मी नाई म्हटलं असतं काय?"

पुढच्या उन्हाळ्यात, उत्तम शुक्रवारच्या आधी, पाळकबाई स्वतः आत्याबाईंकडे आल्या. मी तिथेच होतो. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं, "आत्या, सातांपैकी तुम्हाला कोणता हवा?"

आत्याबाईंनी चहाचं भांडं गॅसवर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. खिडकी उघडून लावून टाकली. मग म्हणाल्या, "पाचवा. तहानेचा."

पाळकबाईंनी का म्हणून विचारलं नाही. नुसतं लिहून घेतलं.

शुक्रवारी दुपारी चर्चच्या पत्र्याखाली आम्ही भाजून निघत होतो. आत्याबाई वर गेल्या आणि त्यांनी समोरचा लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला. पुस्तक उघडलंच नाही.

"एक बाई होती," त्या म्हणाल्या. "पोटाचं ऑपरेशन झालं होतं. पानी द्याचं नाई, असा हुकूम होता. दिवसभर थे मले पानी मांगून राह्यली. सिस्टर, एकच चमचा. मी ओठाले वला कापूसबी लावला नाई. लय शिस्तीची होती ना मी. दुसऱ्या दिवशी गेली थे. डॉक्टर म्हने, तशीबी वाचली नसती." त्या थांबल्या. "मंग कापूस लावाले माह्यं काय जात होतं?"

एवढंच बोलून त्या खाली उतरल्या आणि तशाच बाहेर गेल्या. माझी बायको मागोमाग धावली. नळावर तोंड धूत आत्याबाई तिला म्हणाल्या, "मी चर्चमंदी सांगाचं नव्हतं काय वं हे?" बायकोनं नुसता टॉवेल पुढे केला.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, त्या चंद्रपूरला गेल्या नाहीत. प्रभुभोजनाच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभ्या राहिल्या. पाळकबाईंनी भाकर दिली, प्याला दिला. परत येताना आत्याबाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "प्याला तिरपा धरते पोरगी. शिकंल हळूहळू."

पाळकबाई शिकल्या आणि त्यांची बदली झाली. आता त्या ढाणकीला असतात, म्हणजे जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. आत्याबाईंना अलीकडे फारसं ऐकू येत नाही, म्हणून बायको स्पीकर लावते आणि एकेक वाक्य त्यांच्या कानाशी पुन्हा सांगते. परवा पाळकबाई म्हणाल्या की तिथलं काम फार वाढलंय, यंदा वणीला येणं काही जमणार नाही.

"काय म्हनते पोरगी?" आत्याबाईंनी विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "येते म्हणाल्या."

आत्याबाईंचा चेहरा खुलला. "कव्हा?" त्या म्हणाल्या.