वरणफळं शिकलो तेव्हा

नोकरी गेली त्या मंगळवारी मी आधी घरी गेलो नाही, आईकडे गेलो.

बेंगळुरूला मारतहळ्ळीतल्या ऑफिसात सकाळी व्हिडिओ कॉल झाला, जेमतेम बारा मिनिटांचा. कॉलवर माझ्यासारखेच आणखी बरेच जण होते आणि सगळ्यांचे माइक आधीच बंद करून ठेवले होते. लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून बाहेर पडलो तेव्हा साडेअकरासुद्धा वाजले नव्हते. आमचा फ्लॅट तिथून चालत दहा मिनिटांवर. पण बायको त्या दिवशी घरून काम करत होती आणि दार उघडल्यावर तिला काय सांगायचं ते मला सुचेना. म्हणून समोर आली ती बस पकडली, मग मेट्रो, आणि राजाजीनगरला येऊन थांबलो.

आईवडील तिथे राहतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते तरुणपणी इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले. माझा जन्म इथलाच. आठवड्यापूर्वी आई मागच्या पायरीवरून घसरली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. स्वयंपाक बंद. अण्णा तिन्ही वेळा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून इडल्या आणत होते. त्यांना चहा येतो, बाकी काही येत नाही.

आईने दार उघडलं. मंगळवारी भरदुपारी मी दारात उभा, हातात काही नाही, पाठीला बॅगसुद्धा नाही. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"जेवलास?"

"भूक नाही."

"असं का? मग हातपाय धू आणि कणकेचा डबा खाली काढ."

"कशाला?"

"वरणफळं करायची आहेत. मला एका हाताने लाटता येत नाही, तुला दोन आहेत."

आमच्या घरात वरणफळं ही सणाची गोष्ट नाही, पाहुण्यांची तर मुळीच नाही. कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून पातळ, आंबटगोड वरणात शिजवायचे आणि वर तूप घालून चमच्याने खायचे. माझा बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर बिघडला तेव्हा ती होती. ताईचं लग्न ठरता ठरता मोडलं त्या संध्याकाळी होती. घरात काही बिनसलं की आई काही विचारायची नाही, तुरीची डाळ भिजत टाकायची. म्हणजे तिने नाव काढलं तेव्हाच मला कळलं की तिला समजलंय.

मी चाळीस ओलांडलेला माणूस. मॅगी आणि ऑम्लेट यापलीकडे कधी गेलो नव्हतो. आई ओट्याशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि डाव्या हाताने मला चालवू लागली. डाळ धुऊन हळद-हिंग घालून कुकरला लाव. कणकेत तिखट, हळद, मीठ, ओवा घाल. तेल घाल.

"तेल किती?"

"मुठीत कणीक दाबली की मूठ वळली पाहिजे."

"चमचे सांग ना."

"मी कधी चमच्याने घातलंय का?"

कणीक सैल झाली. मग पीठ घातलं, तर घट्ट झाली. पुन्हा पाणी. शेवटी तीन माणसांच्या जागी आठ जणांना पुरेल एवढा गोळा तयार झाला. अण्णा वर्तमानपत्र खाली ठेवून दारात येऊन उभे राहिले. ते कारखान्यात तपासणी विभागात होते, त्यामुळे दुसऱ्याचं काम बघत उभं राहायची त्यांना जुनी सवय.

मी लाटत होतो. पोळी गोल व्हायची गरज नव्हती आणि झालीही नाही. सुरीने उभे-आडवे काप देताना हात जरा स्थिर झाला आणि तेव्हाच, मान वर न करता, मी म्हणालो, "माझी नोकरी गेली, आई."

कुकरची शिट्टी झाली.

"आज?" अण्णांनी विचारलं.

"आज सकाळी."

"तुझी काही चूक?"

"नाही. अख्खी टीमच काढली."

"सरी," अण्णा म्हणाले. इतकी वर्षं इथे राहून 'बरं' म्हणायचं ते विसरलेच आहेत. मग आत जाऊन चष्मा घालून परत आले आणि माझे तुकडे तपासू लागले. "हे सगळे एका मापाचे नाहीत. जाड आहेत ते कच्चे राहतील."

आई हसायला लागली. मला वाटलं होतं ती रडेल.

फोडणीत मोहरी, जिरे, लसूण, कढीपत्ता पडला, घोटलेली डाळ गेली, चिंच, गूळ आणि गोडा मसाला गेला. तिथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग मी वरणाला उकळी यायच्या आधीच ताटातले सगळे तुकडे एकदम आत लोटले. आई "अरे अरे अरे" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पाच मिनिटांनी पातेल्यात एकच मोठं फळ होतं.

तेच आम्ही जेवलो. आईने त्याचे चमच्याने तुकडे केले, वर तूप ओतलं. अण्णांनी पहिला घास खाऊन थोडा विचार केला.

"स्वल्प घट्ट आहे," ते म्हणाले, "पण मजबूत आहे."

भूक नाही म्हणणाऱ्या मी दोन वाट्या खाल्ल्या. जेवताना मी सहज म्हणालो की हे तुझ्या आईकडून आलं असणार. आईने मान हलवली.

"माझ्या माहेरी हे शिळ्या वरणाचं करायचे, कंटाळा आला की. कुणी कौतुकाने खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं." आणि तिने अण्णांकडे बोट केलं. "ह्यांच्यामुळे सुरू झालं."

ती गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या लग्नाला वर्ष झालं होतं. आईला कन्नडचा एक शब्द येत नव्हता, ओळखीचं कुणी नव्हतं. कारखान्यात अण्णांनी पास केलेला एक सुटा भाग पुढच्या चाचणीत तुटला आणि त्यांच्यावर चौकशी बसली. आठवडाभर अण्णा ताटावर बसायचे, पोळीचा तुकडा मोडायचे, आणि तो हातात धरून भिंतीकडे बघत राहायचे. भाजी गार व्हायची. तुकडा तसाच ताटात परत.

"मग माझ्या लक्षात आलं," आई म्हणाली, "की ह्यांना खायला त्रास नाही, मोडायला त्रास आहे. एक तुकडा मोडला की डोकं दुसरीकडे जातं. म्हणून मीच सगळे तुकडे करून वरणात टाकले आणि हातात चमचा दिला."

"आणि खाल्लं?"

"तीन वाट्या. काय खाल्लं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं."

"आलं असतं," अण्णा म्हणाले. "मीठ जास्त होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू रडत होतीस."

चौकशीत शेवटी निघालं की ज्या गेजने तो भाग मोजला होता, ते गेजच बिघडलेलं होतं. अण्णा सुटले. पण वरणफळं राहिली.

संध्याकाळी डबा घेऊन मारतहळ्ळीला आलो. बायको पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळते. तिला सांगितलं तशी ती भडकली. नोकरीवरून नव्हे.

"तू सकाळपासून मला एक कॉल नाही केलास? मी इथे दहा मिनिटांवर होते! आणि तू थेट राजाजीनगरला जाऊन कुकिंग करत बसलास?"

"तुझी मीटिंग होती."

"मीटिंग गेली खड्ड्यात. नेक्स्ट टाइम असं केलंस ना, तर बघ."

"नेक्स्ट टाइम नको ना पण," मी म्हणालो, आणि मग आम्हा दोघांनाही हसू आलं. तिने डबा उघडला, आतला गोळा चमच्याने हलवून पाहिला. "हे काय आहे? लझान्या?" पण उभ्या उभ्याच निम्मा डबा संपवला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "होईल रे सगळं मॅनेज. माझी आहे ना नोकरी."

दुसऱ्या दिवसापासून माझा क्रम बसला. सकाळी अर्ज पाठवायचे आणि दुपारी राजाजीनगरला जाऊन दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचा. आईचा हात सहा आठवडे अडकलेला होता, त्यामुळे तिला माझी गरज होती, आणि मला कुणालातरी माझी गरज असण्याची गरज होती. मी वही केली. आई 'अंदाजाने' म्हणाली की तिला हातात घ्यायला लावायचो आणि तेच चमच्याने मोजून लिहायचो. उकळी फुटल्यावर एकेक तुकडा सोडायचा, मध्येच ढवळायचं, झाकण अर्धवट ठेवायचं. तिसऱ्या खेपेला फळं सुटी झाली. अण्णांनी वहीच्या त्या पानावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या माणसांना ही सही किती अवघड मिळायची, हे मी लहानपणी ऐकलेलं होतं.

पाचव्या आठवड्यात राजाजीनगरच्या घरी वरच्या मजल्यावरच्या अक्का दारात आल्या. त्या निवृत्त शिक्षिका, नवरा-बायको दोघंच राहतात. नवऱ्याला सकाळी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं, दुपारी एक स्टेंट घालून झाला होता, आणि त्या कपडे न्यायला घरी आल्या होत्या. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असायची. किल्ली देता देता मी विचारलं, "ऊट आयता, अक्का?" जेवण झालं का, एवढंच. बेंगळुरूत हे कुणीही कुणालाही विचारतं. पण त्या एकदम पायरीवरच बसल्या.

माझ्याकडे तयार वरणफळंच होती. वाटी भरली, तूप घातलं, चमचा दिला. त्यांनी विचारलं हे काय, मी कन्नडमध्ये समजावलं की ही बेळे, म्हणजे डाळ, आणि त्यात चपातीचे तुकडे. त्या खाऊ लागल्या. मी समोर उभा. निम्मी वाटी झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"उप्पु कम्मि," त्या म्हणाल्या. मीठ कमी.

अण्णांच्या रक्तदाबामुळे आई मला मीठ हात राखून घालायला लावायची. मी आतून मीठ आणलं, त्यांनी चिमूटभर टाकलं आणि वाटी संपवली. मग पदराने तोंड पुसून, उठून, पिशवी घेऊन निघाल्या. फाटकापाशी वळून म्हणाल्या की पुढच्या वेळी थोडी सांबारपूड घालून बघ. मी लगेच वहीत लिहून घेतलं. चार दिवसांनी त्यांचे यजमान घरी आले, जिना चढताना सगळ्यांना हात करत.

नोकरीची शेवटची मुलाखतही राजाजीनगरहूनच झाली, कारण त्या दुपारी आमच्या फ्लॅटची वीज गेली होती. आईच्या खोलीत कॅमेरा लावून बसलो. आईला बजावलं होतं की अर्धा तास स्वयंपाकघरात आवाज नको. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी एक अवघड प्रश्न विचारला, मी उत्तर जुळवत होतो, आणि बाहेर कुकरने जी शिट्टी मारली ती थांबेना. अण्णा आईला ओरडले, आई अण्णांना. सगळं त्या बाईंना ऐकू जात होतं.

"इज दॅट डाल?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. मग का कोण जाणे, त्या डाळीचं पुढे काय करणार तेही सांगितलं. त्या धारवाडच्या निघाल्या आणि त्यांना मराठी चांगलं समजत होतं. पुढची दहा मिनिटं आम्ही कामाचं कमी आणि गूळ आधी घालायचा की चिंच, हेच बोललो. मी चिंचेच्या बाजूने होतो, त्या गुळाच्या. नोकरी डाळीमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, त्याआधीच्या तीन फेऱ्या मी नीट दिल्या होत्या. पण त्या दुपारी माझा आवाज कापला नाही, हे मात्र खरं.

नोकरीचं पत्र आलं त्याच आठवड्यात आईचं प्लास्टर निघालं. तिने पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन फळ्यांवर नजर टाकली आणि कमरेवर हात ठेवले. हिंगाची डबी मी डावीकडे ठेवली होती, गोडा मसाला वरच्या फळीवर, मोहरी-जिऱ्याचे डबे अदलाबदल केलेले. "हे माझं स्वयंपाकघर आहे की तुझं ऑफिस?" असं म्हणत तिने अर्धा तास सगळं पूर्ववत लावलं. अण्णा आणि मी मध्ये न पडता बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. भांड्यांचे आवाज येत होते. थोड्या वेळाने अण्णांनी हळूच विचारलं, "मग आता शनिवारी तरी येत जाशील ना?"

"येईन की."

"ये," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून त्यामागे गेले.