मध्यंतरापर्यंतचे मालक

आमच्या घरमालकांइतके सिनेमे मारुंजीत कुणी पाहिले नसतील, आणि त्यांच्याइतके कमीही कुणी पाहिले नसतील. दर रविवारी ते मला घेऊन तीनचा खेळ गाठायचे आणि मध्यंतराचे दिवे लागले की उठायचे. पाचला म्हैस पिळायची असे, आणि ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्यामुळे अलीकडच्या प्रत्येक सिनेमावर मालकांचं ठाम मत होतं, पण ते पहिल्या अर्ध्यापुरतं. उरलेला अर्धा ते गोठ्यात धारा काढता काढता स्वतःच रचत.

मी मूळचा परभणीचा. तीन वर्षं त्यांच्या वरच्या खोलीत राहतो, तरी त्यांच्या लेखी अजून ‘पावणं’च. पूर्ण सिनेमा सोसून मी परतलो की मालक अंगणात तयार असत. “पावणं, थोरल्यानं धाकल्याला माफ केलं आसंल. जत्रंत गळ्यात पडलं आसतील दोघं. व्हय का न्हाई?” थोरल्यानं धाकट्याला हेलिकॉप्टरमधून ढकललेलं असे, आणि वर पुढच्या भागाची धमकी. पण आठवडाभर ऑफिसात खुलासे करून आणखी एक खुलासा करायचं त्राण माझ्यात उरत नसे. “हो मालक, अगदी तसंच,” म्हणून मी जिना चढायचो.

संगीताचा निकाल म्हैस देई. नवं गाणं आलं की मालक मोबाइल गव्हाणीवर ठेवत. पान्हा सोडला तर गाणं पास. एका गाजलेल्या गाण्याला तिनं बादली लाथाडली, तेव्हा “चाल चोरल्याली हाय, तिला कळतंय,” असं त्यांनी जाहीर केलं. ते गाणं मला कंपनीच्या बसमध्ये दोन्ही वेळ ऐकावं लागे, त्यामुळे मी मनातून म्हशीच्या बाजूनं होतो. माझा खोलीतला जोडीदार कॉम्प्युटरवर धडाधड माणसं मारायचा. मालक दारात उभे राहून विचारत, “ह्येनं काय केलंतं? घरी कळवलं का त्येच्या?” शेवटी वैतागून जोडीदारानं गाड्यांच्या शर्यतीचा गेम घेतला. त्यातही मालक म्हणत, “जाऊ दे की त्याला फुडं, घाईत दिसतोय.”

दोन महिन्यांपूर्वी मालकांचे गुडघे गेले. मुलानं गोठा पाडून आम्हा भाडेकरूंच्या गाड्यांसाठी पत्र्याची शेड घातली आणि म्हैस घोटावड्याला लेकीकडे गेली. पुढच्या रविवारी मालक म्हणाले, “आता पुरा बघू.”

बापलेकाच्या भांडणाचा सिनेमा होता. मध्यंतराला मालक सवयीनं उठले, घड्याळ बघितलं आणि परत बसले. “बाप जवळ घेतोय बगा आता लेकाला,” ते पुटपुटले. उत्तरार्धात बाप मेला आणि लेक परदेशातून आलाच नाही. मालक दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शेवटच्या पाटीपर्यंत बसून होते.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “समदे आसंच संपत्यात व्हय?”

“बरेचसे.”

“मंग तुमी मला तीन वरसं...”

“दमलेला असायचो, मालक.”

“आन मी म्हशीला बी तसंच सांगत आलो,” एवढंच मालक म्हणाले. मला फार वाईट वाटलं. माझ्या आळसाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आता पुन्हा सिनेमाला बोलावणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो. पण रविवारी ते धुतलेली टोपी घालून जिन्याखाली उभे होते. मध्यंतराचे दिवे लागले तसे म्हणाले, “चला.” या वेळी मीही उठलो.

पाडापाडीतून वाचलेली गव्हाण शेडच्या कोपऱ्यात आहे. तिच्या कडेवर आम्ही बसलो, शेजारी माझी गाडी. पाच वाजले होते. मालकांनी रिकाम्या हातांकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली, “तर पावणं, त्या बाईचा नवरा काय मेल्याला न्हाई...”

तेव्हापासून हेच चाललं आहे. मी दमलेलाच असतो, पण जिना चढायची घाई करत नाही. गेल्या चार सिनेमांचे मला फक्त मालकांनी सांगितलेले शेवट ठाऊक आहेत, आणि त्या चारांत अजून एकही माणूस दगावलेलं नाही.