विचारणारा वसंता

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्या मुलाला पहिला प्रश्न विचारला तो असा : "आता बुलढाण्याच्या बैठकीला कोण जाणार?" पलीकडून गजानन म्हणाला, "काका, आधी घरी त या. बाबाले अजून आंघोळ घालाची हाय." साठ वर्षांची मैत्री, आणि तोंडातून निघालं ते हे. अशा वेळी लोकांना शब्द सुचत नाहीत म्हणतात. मला सुचले, हीच पंचाईत.

चार वर्षांपूर्वी एका मेडिकल कॉलेजातली डॉक्टर मंडळी दुसरबीडजवळच्या आमच्या गावात आली. बीपीच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, तरी लोक त्या मध्येच का सोडतात, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्यासाठी गावातलाच एक माणूस हवा होता. त्याने लोकांना अभ्यास समजावून सांगायचा आणि लोकांचं म्हणणं बुलढाण्याच्या बैठकीत डॉक्टरांच्या कानावर घालायचं. पगार नाही, मान मात्र मोठा. ग्रामसभेत हे सांगितलं गेलं तेव्हा मी सदऱ्याची कॉलर नीट केली. छत्तीस वर्षं शाळा शिकवलेला, मेहकरपर्यंत भाषणं ठोकून आलेला माणूस पुढच्या रांगेत बसलेला असताना दुसरा कोण असणार? आम्ही सगळे मुंड्या हलवत ऐकत होतो. तेवढ्यात मागून वसंताने हात वर केला. "मॅडम, ह्या अभ्यासातून आमाले काय भेटन? आन नाही म्हटलं त गोळ्या बंद करसान का?" मला वाटलं, गेली गावाची अब्रू. मोठ्या डॉक्टर मॅडमनी मात्र त्याचं उत्तर नीट दिलं, आणि निवडलं त्यालाच. वसंताला! मिरची-वांगी पिकवणाऱ्याला, सातवीत गणिताच्या पेपरात माझ्याकडे मान लांब करून बघणाऱ्याला...

बैठकीहून परतला की तो एसटीतून उतरून थेट माझ्या ओट्यावर येई आणि सगळं सांगे. बढाई म्हणून नव्हे. सांगायला मीच होतो म्हणून. "आज मॅडम म्हणे, तुमी सांगा, आमी ऐकतो." मी म्हणायचो, "वा!" आणि चहात साखर कमी आहे म्हणून घरात उगीच ओरडायचो.

मग घरोघरी जाऊन लोकांना प्रश्न विचारायची वेळ आली. वसंताचा गुडघा सुजला होता. मी म्हटलं, आमच्या आळीतल्या लोकांची तयारी मी करून घेतो. तो भोळा, प्रश्नांचा कागद माझ्या हाती देऊन मोकळा झाला. आता शाळेत साहेब येणार म्हटल्यावर आम्ही मास्तर लोक आयुष्यभर काय करत आलो? आदल्या दिवशी पोरांकडून उत्तरं घोकून घेतली. तेच मी केलं. आळीला मारुतीच्या पारावर बसवलं. "गोळी रोज घेता का?" "हो, रोज घेतो." "मध्ये खंड पडतो का?" "नाही साहेब, खंड पडत नाही." आमच्याहून चार वर्षांनी मोठ्या, अजून निंदणाला जाणाऱ्या गयाबाईने दिवाळीपासून गोळीला हात लावला नव्हता, पण पाठांतरात पहिली आली ती. मी "शाब्बास!" म्हटलं आणि हीच उत्तरं कागदावर भरून वसंताकडे दिली. आपली आळी जिल्ह्यात पहिली येणार आणि माझं नाव बैठकीत निघणार, अशी माझी पक्की समजूत होती.

नाव निघालं. वसंता आला तो उभ्यानेच बोलला. "काऊन बे गुरुजी, चाळीस घरं, आन एकबी माणूस गोळी इसरत नाही? साऱ्याइचं उत्तर एकच? हे तुहंच काम हाय."

"माझं नाव सांगितलंस?"

"इचारलं, त सांगितलं. मॅडम म्हणे, हे आळी अभ्यासातून काढून टाकू. म्या म्हटलं, थांबा, पुन्हा फिरतो."

तो फिरला. गुडघ्याला फडकं बांधून, चाळीसही घरं. मी ओट्यावरून बघत होतो, उठलो मात्र नाही. गयाबाईच्या उंबऱ्यावर तो कितीतरी वेळ नुसता बसून होता. तिने अखेर सांगितलं. त्या गोळीने सारखं लघवीला जावं लागतं, वावरात आडोसा नाही, बांधावर माणसं असतात. म्हणून गोळी सोडली. बऱ्याच बायकांचं तेच निघालं. बैठकीत वसंताने ते जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी कितीकांची गोळी बदलून दिली. माझं अक्षर छत्तीस वर्षं फळ्यावर होतं आणि रोज पुसलं गेलं; याचं एक वाक्य डॉक्टरांनी वहीत उतरवून घेतलं. त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. माफी मागायची तर राहूनच गेली...

तो मिरचीच्या वाफ्यातच कोसळला. अंत्ययात्रेला मॅडम आल्या, बायकांत जमिनीवर बसल्या, रडल्या. मी खांदा देत असताना माझ्या वेळी कोण येईल याचा अंदाज बांधत होतो. एवढं खरं सांगतो, त्याची जागा मला हवी होती. तो जाऊन नको होती.

तेराव्यानंतर मॅडमचा फोन आला, दुसरं कुणी मिळेपर्यंत तुम्ही बघाल का. "विचार करून कळवतो," असं म्हणत मी दुसऱ्या हाताने सदऱ्याला इस्त्री करायला घेतली होती. सकाळी निघालो तो थेट गयाबाईकडे. या खेपेला काही शिकवायचं नाही, घोकून घ्यायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. वसंतासारखाच उंबऱ्यावर बसलो. मग शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "गयाबाई, नवी गोळी चालू आहे ना?"

तिने निवडायचं सूप खाली ठेवलं.

"वसंता इचारे त वाटे, याले खरंच माहीत नाही. तुमी इचारता त वाटते, चुकलं का कान धरसान. जा गुरुजी घरी, गजाननले पाठवा."